खाटमारान

मालवणला पोहोचून दहा मिनिटं झाली नव्हती, तेवढ्यात नानांनी त्या बोटीचं नाव बदलून टाकलं.

बोटवाला बाबल आम्हाला समजावत होता, "ह्येका कॅटामरान म्हणतत. दोन बाजूक दोन होडी, मधी जाळी. उलटत नाय, घाबरा नको." नानांनी एक होडी पाहिली, दुसरी पाहिली, मधली ताणून बांधलेली जाळी हाताने दाबून पाहिली आणि डोक्यावरची टोपी सारखी करत निकाल दिला, "हाई ते खाट शे! दोन होडीसवर खाट टाकेल शे. कसानं कॅटामरान? खाटमारान!"

आणि खांद्यावरचं उपरणं सावरत ते त्या जाळीवर मांडी घालून बसले, अगदी गावाला ओट्यावरच्या खाटेवर बसतात तसे. बाबल इतका हसला की दोर सोडायचं विसरला. पुढे दिवसभर तोही येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना ओरडून सांगत होता, "खाटमारान इली, बाजूक व्हा!"

आम्ही म्हणजे दोन घरं. एक आमचं: माझे आजोबा जीवराम नाना, पप्पा, आई आणि मी, पुनम, यत्ता दहावी. दुसरं तहरीमचं: ती, तिचे अब्बू हबीबचाचा आणि अम्मी मेहरुनचाची. तहरीम आणि मी दोंडाईचाच्या शाळेत एका बाकावर बसतो. हबीबचाचांचं शिलाईचं दुकान आणि पप्पांचं बी-बियाण्याचं दुकान एका भिंतीला लागून, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जायचं हे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकदमच ठरलं. समुद्र मी ठरवला. हे सांगायलाच हवं, कारण यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून घरात माझं ऐकायला लागलेत आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेते आहे.

पण समुद्र मी स्वतःसाठी ठरवलाच नव्हता. आईसाठी ठरवला होता.

झालं असं होतं की, एकदा भाकरी थापता थापता आईने माझ्या मोबाइलवर समुद्राच्या तळाचा व्हिडिओ पाहिला. निळे, पिवळे मासे, हलणारं गवत, दगडांतून डोकावणारं काहीतरी. तवा धूर सोडायला लागला तरी ती बघतच राहिली. मग पिठाच्या हाताने तिने मोबाइल मागे ढकलला आणि म्हणाली, "एकदा तरी खाली तोंड घालून बघायला पाहिजे बाई." आणि वर हळूच, "मला पोहता येतं बरं का."

मी उडालेच. माझी आई? जी घरात डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून फिरते?

तर आईचं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या बागांचं. तिच्या वडिलांच्या शेतात विहीर होती आणि सगळ्या पोरी पाठीला केळीचा खांब बांधून तीत पोहायला शिकल्या. आई त्यातली सगळ्यात पटाईत. लग्न होऊन इकडे आली आणि पोहणं संपलं. विहीर आमच्याही शेतात आहे, पण ती नानांच्या ओट्यावरून थेट दिसते. आणि नानांसमोर आई पोहणं सोडा, बोलतसुद्धा नाही.

आमच्याकडे तशीच पद्धत आहे. सासऱ्यासमोर सुनेने तोंड दाखवायचं नाही, सरळ बोलायचं नाही. नाना आणि आई एकाच खोलीत असले, दोघांनाही एकमेकांचं व्यवस्थित ऐकू येत असलं, तरी आई म्हणणार, "पुनम, नानांना विचार, चहा टाकू का?" आणि नाना म्हणणार, "पुनम, तुन्या मायले सांग, टाक." मी दोघांच्या मधली पोस्टमन. लहान होते तेव्हा मी खरंच इकडून तिकडे पळत निरोप पोहोचवायचे. आता बसल्या जागेवरून नुसतं "हं" म्हणते. नानांचंही आईपुढे ठरलेलं: नजर खाली, जमिनीवर. मला वाटतं, आईचा पूर्ण चेहरा त्यांनी लग्नातल्या फोटोतच पाहिला असेल, आणि त्या फोटोत आईने डोळे मिटलेत.

म्हणून निघताना मी आईला म्हटलं, "तूही उतर ना पाण्यात."

ती म्हणाली, "नाना येताहेत बोटीवर. डोक्यावर पदर घेऊन बुडी मारू का?"

विषय तिने संपवला, पण मी संपवला नव्हता.

बोट निघाली आणि पप्पांना बोट लागली. एरवी बस लागणाऱ्या माणसांची ते फार चेष्टा करतात. किनारा मागे पडेपर्यंत ते मागच्या कठड्याला लटकून समुद्राशी बोलायला लागले होते, आणि त्यानंतर लिंबू नाकाला लावून आडवे झाले ते झालेच. एक पहारेकरी कमी. मी मनात नोंद केली.

बाबलने खडकांजवळ नांगर टाकला. पाणी इतकं स्वच्छ की खालची वाळू दिसत होती. त्याने डोळ्यांवरचे मास्क आणि तोंडात धरायच्या नळ्या वाटायला काढल्या. "पोहता येता त्यांनी जॅकेट घालून सुटा फिरूचा. येणा नाय त्यांनी माझी ट्यूब धरूची. पयली पाळी कोणाची?"

पहिली पाळी तहरीमची होती. तिच्यासाठी हबीबचाचांनी आठवडाभर खपून काळा पोशाख शिवला होता: घोट्यापर्यंत, मनगटापर्यंत, वर डोकं झाकणारी टोपी, नुसता चेहरा उघडा. सुरतहून ताणणारं कापड आणलं होतं. "पानी जाएगा, आएगा, मगर सिलाई नहीं जाएगी," असं ते दोंडाईचापासून सांगत होते. तहरीम तो घालूनच आली होती, वरून सलवार-कमीज. तिने कठड्यावरून खाली पाहिलं. एक मासा वर आला, तिच्याकडे पाहून गेला. ती माझ्या कानात म्हणाली, "पुनम, मी नाही उतरत."

"अगं, पाणी फक्त दोन माणसं खोल आहे."

"मी एक माणूस आहे."

"अब्बूंना काय सांगशील? इतका पोशाख शिवला त्यांनी."

"तेच तर! मी मरेन पण उतरणार नाही, आणि नाही उतरले तर अब्बू मरतील."

मी तहरीमकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पदर ओढून बसलेल्या आईकडे पाहिलं. उंची एक. अंगाने दोघी काटक. मास्क आणि नळी लावल्यावर माणसाचं तोंड बेडकासारखं दिसतं, कोणाचं कोण ते कळत नाही. आणि पदर नाकापर्यंत ओढला की आतली बाई कोण, हेही कळत नाही.

अशा वेळी माझ्या डोक्यात जे होतं त्याला शाळेत काय म्हणतात माहीत नाही. घरी त्याला "पुनमला खाज सुटली" म्हणतात.

मी मेहरुनचाचीला सांगितलं. ती आधी "या अल्ला" म्हणाली, मग तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून मला कळलं की तहरीम अर्धी माझ्यासारखी का आहे. बोटीच्या मागे एक कपाटाएवढी खोली होती. चाची आईचा हात धरून म्हणाली, "चल प्रमिला, मला चक्कर येतेय, आत धर जरा." तहरीम "अम्मी, मी पण येते" म्हणत मागे गेली. आतून आधी आईचा "नाही, नाही, नाना आहेत" असा आवाज आला. मग चाचीचा, "नाना बाहर हैं, मछली अंदर है. चुपचाप हाथ ऊपर कर." मग बराच वेळ नुसती कपड्यांची सळसळ आणि बांगड्यांचा आवाज.

दार उघडलं तेव्हा आधी काळ्या पोशाखातली, जॅकेट चढवलेली, मास्क आणि नळीतली एक बेडकी बाहेर पडली आणि कोणाकडेही न बघता सरळ शिडीकडे गेली. तिच्या मागून आईची जांभळी साडी आली, पदर हनुवटीपर्यंत, हातात आईच्या हिरव्या बांगड्या, गळ्यात आईचं मंगळसूत्र. चाची काही म्हणून विसरली नव्हती. मला तर क्षणभर आईच वाटली. साडी माझ्या शेजारी, जाळीच्या कडेला येऊन बसली आणि पदराच्या आतून पुटपुटली, "पुनम, मला इथून काही दिसत नाही. तुझी आई अशाने रोज भाकरी कशी थापते गं?"

"गप्प बस. तू सून आहेस."

तेवढ्यात पाण्यात धप्प झालं.

हबीबचाचा कठड्याकडे धावले. "उतरली? उतरली! शाब्बास मेरी बच्ची! बाबलभाऊ, सिलाई देखो, सिलाई!"

आई पाण्यावर आडवी झाली, तोंड खाली घातलं आणि हात मारायला लागली. मी बघतच राहिले. घरात ती पायाखालची लादी दुखेल की काय अशी जपून चालते. इथे ती पाणी कापत होती. बाबल ट्यूब घेऊन मागे गेला आणि त्याला तिला गाठताच येईना.

"पुनम," जाळीवरून नानांनी हाक मारली. नजर नेहमीसारखी खाली. "तुन्या मायले सांग, ऊन लागी. मझार सरकी बठ."

मी साडीकडे वळून म्हटलं, "आई, आत सरकून बस."

साडी आत सरकली. निरोप पोहोचला. मला इतकं हसू येत होतं की मी ओठ चावून धरला.

"तिले ईचार, मळमळ ते नही ना?"

साडीने नाही म्हणून मान हलवली, पण इतक्या जोरात की पदर घसरला. तिने तो वर ओढला तर मागून वेणीचा गुलाबी रबर दिसला. मी घाईघाईने तिला बिलगले, आईवर फार प्रेम आल्यासारखी.

नाना जाळीतून खाली पाहत होते.

समुद्रात मात्र भलतंच चालू होतं. बाबल बोट दाखवत ओरडत होता, "खडक थंय आसत! सरळ जा गो बाय, सरळ!" आणि आई सरळ जात नव्हती. दहा हात मारायची आणि डावीकडे वळायची. परत दहा हात, परत डावीकडे. असा एक मोठा गोल पूर्ण करून ती निघाली तिथेच आली. बाबलने तिला खांद्याला धरून खडकांकडे तोंड करून दिलं. ती मान हलवून निघाली आणि परत गोल. बाबल कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या काय? घाण्याचो बैल?"

मलाही कळेना. मग नाना बोलले.

"हबीब, ती पव्हस ती कोन शे?"

"अपनी तहरीम, नाना! और कौन?"

"कोठे शिकनी पव्हाले?"

हबीबचाचा थांबले. हा प्रश्न त्यांना स्वतःला पडायला हवा होता. "शाळेत... शिकली असेल. नाही का गं पुनम?"

"हो ना," मी म्हटलं. "शाळेत. पुस्तकात आहे."

"नही," नाना म्हणाले. "ती इहीरमा शिकेल शे. इहीरमा सरळ कोठे जाशी? दहा हात गये का भित लागस. म्हनीसन गोल फिरतस. एकदाव शिकनं का जलमभर गोल." त्यांनी नाकातली तपकीर पुसली. "तुना घर इहीर शे का, हबीब?"

"आमच्याकडे नळ आहे, नाना," हबीबचाचा बावळटासारखे म्हणाले.

माझ्या शेजारच्या साडीने माझा दंड असा काही धरला की बांगड्या रुतल्या. मी मनात हिशेब मांडला: आता नानांनी हाक मारली, ओरडले, नुसतं "हं" जरी केलं, तरी आई त्या पाण्यातून वर येईल आणि पुन्हा आयुष्यात कधी कशाला हो म्हणणार नाही. मासे तिने पाहिले की नाही तेही माहीत नाही. गोल फिरण्यात खडक तर लांबच राहिले होते.

मी उठून शिडीकडे गेले, तिला खूण करावी म्हणून. पण ती दिसेनाच. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

आणि मग ती दिसली. जाळीच्या खाली.

दोन होड्यांच्या मधल्या त्या पट्ट्यात ती शिरली होती. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये पाणी. तिला घरच्यासारखं वाटलं असणार. मास्कमध्ये पाणी गेलं म्हणून ती जॅकेटवर उभी तरंगली, मास्क कपाळावर सरकवला, नळी तोंडातून काढली, डोळे पुसले आणि वर पाहिलं.

वर, हातभर अंतरावर, जाळीच्या दोऱ्यांच्या पलीकडे नाना खाली वाकून बघत होते.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उघडं तोंड, उघडे डोळे, कपाळावर पसरलेलं कुंकू. मला वाटतं, लाट पण थांबली. आईचा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर ओढायला. हाताला हबीबचाचांची शिलाई लागली आणि रबरी पट्टा लागला. ओढण्यासारखं काहीच नव्हतं. तिने परत चाचपलं. मग तिने श्वास घेतला आणि ती सरळ पाण्याखाली गेली. तोंड लपवायला दुसरी जागाच नव्हती. जॅकेटने तिला परत वर आणलं. ती परत खाली गेली. जॅकेटने परत वर आणलं. हे तीनदा झालं आणि एरवी मी हसून लोळले असते, पण तिचा चेहरा बघून मला रडू यायला लागलं.

तेव्हा नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. झटकलं. टोपीवरून घेतलं आणि पुढे ओढलं. कपाळ, नाक, मिशा, हनुवटी, सगळं झाकून टाकलं. पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं खाटमारानवर मांडी घालून बसलं आणि त्या गाठोड्यातून आवाज आला:

"पुनम. तुन्या मायले सांग, आते पदर मी लेयेल शे. तिनं काम चालू ऱ्हाऊ दे."

मी सांगितलं नाही. तिने ऐकलं होतंच.

हबीबचाचा एकदा पाण्यात, एकदा साडीकडे बघत होते. "मग हे कोण?"

साडीने पदर वर केला. "अब्बू, मी."

"या अल्ला! तुम्हाला कळलं कसं, नाना?" चाची मागून म्हणाली. पकडलं जाण्यापेक्षा तिला आपलं काम कुठे उणं पडलं याचीच काळजी जास्त होती.

गाठोडं म्हणालं, "ती ईसन बठनी तव्हयच समजनं. मी काय सूननं तोंड देखस? रोज पाय देखस. मनी सूनना पायमा जोडवा शेतस. या पायना नखं हिरवा शेतस."

आम्ही सगळ्यांनी तहरीमच्या पायांकडे पाहिलं. दहाही बोटांना कच्च्या आंब्यासारखं नेलपॉलिश. तिने पाय साडीत ओढून घेतले. म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! आत सरक, ऊन लागतंय, मळमळ नाही ना, हे सगळं ते तहरीमला, मुद्दाम! या घरात खाज फक्त मला सुटते असं मी समजत होते.

"पुनम," उपरण्यातून परत आवाज. "ईचार तिले, खाले काय दिखस?"

मी वाकले, "आई, नाना विचारताहेत—"

"मासा शेतस, नाना," खालून आई म्हणाली.

मध्ये कोणी नाही. मी नाही. आवाज बारीक होता, पाण्याने थरथरत होता, पण सरळ गेला, जाळीतून वर.

गाठोडं जाळीवर आणखी खाली वाकलं. मग म्हणालं, "कशा शेतस?"

"बारीक शेतस. पिवळा. अंगवर काया पट्टा. पण बठ्ठा तथा खडककडे शेतस. माले तथं जाताच येत नही. मी फिरीसन आठेच येस."

"मंग आयक." नानांनी घसा खाकरला. ते शेतात गड्यांना सांगतात तसं सांगायला लागले, फक्त समोर कोणी दिसत नसताना. "इहीरले भित ऱ्हास. समिंदरले नही. डावा हात जोरबन चालस तुना, म्हनून वळस. उजवा मार. आनि भित ई, भित ई, अशी वाट नको देखू. जाय."

"बरं," आई म्हणाली. तिने मास्क खाली ओढला, नळी तोंडात धरली आणि दोन होड्यांच्या मधून बाहेर पडली.

बाबल ट्यूबवर पोट टाकून हे सगळं बघत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "माझ्या बोटीर असा कधी घडूक नाय," आणि तिच्या मागे निघाला.

आम्ही सगळे कठड्याला चिकटलो. पप्पासुद्धा लिंबू हातात घेऊन उठून बसले होते आणि विचारत होते, "काय झालं? कोण पोहतंय? तुझी आई कुठे गेली?" त्यांना कोणी उत्तर दिलं नाही.

दहा हात. आई वळली नाही. अजून दहा. खडकांपाशी ती थांबली, तोंड खाली घातलं आणि तशीच तरंगत राहिली. पाठीवरचं जॅकेट लाटेबरोबर वरखाली होत होतं. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिचा एक हात पाण्याबाहेर आला आणि हवेत जोरजोरात हलायला लागला, काहीतरी दाखवत असल्यासारखा, कोणाला ते तिलाच ठाऊक.

"गई का सरळ?" उपरण्याच्या आतून नानांनी विचारलं. बिचारे घामाने भिजले होते, पण कापड एक बोटभर वर केलं नव्हतं.

मी पाहिलं. खडकांपाशी आई आता एका दगडाभोवती गोल गोल फिरत होती.

"गेली, नाना," मी म्हटलं. "एकदम सरळ."

"हं," नाना म्हणाले.

शेजारी तहरीम साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी वर धरून घामाघूम उभी होती. "पुनम, मी किती वेळ सून राहू?"

नाना आतून म्हणाले, "तिले सांग, मझार सरकी बठ. ऊन लागी."